माउली पुढच्या घरी गेली नाही

कोर्लई,
१४ ऑगस्ट २०२३

रोजू,

मठातल्या बाईला पत्र लिहिताना वर ‘पूज्य सिस्टर’ असं लिहावं, असं फादर म्हणाले. मी म्हटलं, फादर, जिचं नाक मी परकराच्या काठाने पुसलंय तिला मी पूज्य-बिज्य म्हणणार नाही. आपल्या बोलीत लिहिता आलं असतं तर चार शिव्याही घातल्या असत्या, पण आपली बोली नुसती तोंडात राहते, कागदावर यायला तिला अक्षरंच नाहीत. म्हणून हे शाळेतलं मराठी. चालवून घे.

मायच्या मयताला कोण कोण आलं, विचारलंस. तू सोडून सगळे आले. टोमणा नाही हा. तुमच्या मठाचा नियम मला माहीत आहे, एकदा आत गेलेली बाई आईच्या मातीलाही बाहेर येत नाही. पण इथे मला ते एकेकाला समजावत बसावं लागलं. शेजारची वेणूबाई तर म्हणाली, “काय गो इना, तुरुंगातल्याला पन मातीला सोडतात. तुज्या बहिनीनं असं काय केलंय?” मला हसू फुटलं, आणि मायला अजून पेटीत ठेवायची होती. कायतानने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. तोच कायतान, आपल्या पलीकडच्या घरातला, सगळ्यांशी भांडणारा. खड्डा खोदणाऱ्यांशीही भांडला, तिरका खणताय म्हणून. त्याची बायको जासिंता उठू शकत नव्हती, तिने त्याच्या हातून माझ्यासाठी पेज पाठवली. तिची तब्येत काही खरी नाही.

मी काय करते? काही नाही. नऊ वर्षं मायला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. अजून तशीच जाग येते. उठते, खाटेपर्यंत जाते, मग आठवतं. मशीनवर कापड टाकून ठेवलंय, गावातल्या ब्लाऊजांची गाठोडी तशीच पडलीयेत. गुडघा दुखतो म्हणून रविवारच्या मिस्साला जात नाही. बाकी मजेत.

तुझी बाय

*

३० ऑगस्ट २०२३

प्रिय बाय,

येशूची शांती तुझ्या घरात असो.

तुझं पत्र मिळालं. महिन्यातून एकच पत्र लिहायची मुभा आहे, म्हणून उशीर. मायसाठी आम्ही सगळ्या सिस्टर रोज प्रार्थना करतो. तू रडत बसू नकोस. माय आता प्रभूच्या घरी आहे, तिला खाट नाही, जखमा नाहीत. खरं तर आपण आनंद मानायला हवा. प्रत्येक दुःखात देवाची योजना असते. नऊ वर्षं तू जी सेवा केलीस त्याचं फळ तुला मिळेलच.

तू एकटी आहेस असं मला वाटतच नाही. अख्खं गाव आहे भोवती, वेणूबाई आहे, इगरेज, आपलं चर्च, दारापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही इथे भिंतींच्या आत राहूनही एकट्या नाही, कारण तो सतत सोबत असतो. मी फार आनंदात आहे.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध. ऑक्टोबरात येशूच्या आईची मूर्ती, आपली माउली, घरोघर येईल तेव्हा मायसारखीच तूही तिला घरी घे. नऊ दिवसांची प्रार्थना सोबत पाठवते आहे. न चुकता म्हण, मन हलकं होईल.

तुझी लाडकी,
रोजू

*

कोर्लई,
२० सप्टेंबर २०२३

रोजू,

पत्र मागितलं होतं, प्रवचन नव्हे. असली प्रवचनं मला इथे फुकट मिळतात, पंधरा रुपयांचं तिकीट लावून मठातून मागवायची गरज नाही.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते, वाचवत नसेल तर कागद फाडून टाक.

मी आंघोळ करत नाही. तेल संपलं, कुठून आणायचं म्हणून दोन आठवडे चूल पेटवली नाही. पाव आणि काळा चहा, तोही वेणूबाईने दिला तर. ती सकाळी कुडावरून ओरडते, “इना, हायस का?” मी म्हणते हाय. तेवढंच दिवसाचं बोलणं. लोकांना वाटतं आई गेली म्हणून पोरगी रडतेय. चौपन्न वर्षांची पोरगी! पण मी रडत नाही ना, हीच तर गोष्ट आहे. माय गेली त्या दिवशी रडले तेवढंच. आता दुःखसुद्धा नाही. आत काहीच नाही. भाकरी तव्यावर विसरावी आणि कोळसा व्हावा, तसं काहीतरी.

लग्न केलं नाही, पोर नाही. मायची होते म्हणून कुणाची तरी होते. आता मी कुणाची नाही. संध्याकाळी ओहोटी लागली की किल्ल्याच्या पायथ्याशी खडकांवर जाऊन बसते. तिथे काय विचार येतात ते तुला सांगणार नाही. तू सिस्टर आहेस.

आणि तुझा तो, सतत सोबत असणारा? त्याला मी हाका मारून बघितल्या. मोठ्याने. रिकाम्या घरात. पालही चुकचुकली नाही. तुझ्याकडे असतो, तर माझ्याकडे का येत नाही? तुझी प्रार्थना मी म्हटली, नऊच्या नऊ दिवस. मन हलकं झालं नाही.

बाय

*

४ ऑक्टोबर २०२३

बाय,

माफ कर. ते पत्र मी लिहिलं नव्हतं, माझ्या झग्याने लिहिलं होतं.

पहिली गोष्ट, आणि ही सिस्टर म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते. तू आजारी आहेस. हाड मोडलं की अलिबागला जातेस ना? तसंच हे. मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. तिथे जा. आमच्यातली एक वयस्कर सिस्टर रोज या आजाराची गोळी घेते आणि तिच्याइतका सुरेल आवाज आमच्यात कुणाचा नाही. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. प्रार्थनेने बरं होईल असं सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठव.

दुसरी गोष्ट लिहायला मला दोन दिवस लागले. तू म्हणालीस तो माझ्याकडे असतो. बाय, गेली सहा वर्षं मला तो जाणवलेला नाही. पहाटे उठते, गाते, गुडघे टेकते, आणि समोर नुसती भिंत असते. मी आनंदात आहे असं लिहिलं ते तुला बरं वाटावं म्हणून. मग मी इथे का राहते? मलाही हाच प्रश्न पडायचा. आता एवढंच कळतं, की क्रूसावर टांगलेला तो स्वतःसुद्धा बापाला हाक मारत होता, मला का सोडलंस म्हणून, आणि वरून काही उत्तर आलं नव्हतं. म्हणजे उत्तर न येण्याच्या त्या जागी तो आपल्या आधी येऊन गेलाय. तू बसतेस त्या खडकावर तो बसलेला आहे. मला दिसत नाही, तुला दिसत नाही, तरी बसलेला आहे. माझ्या गाठीला एवढंच आहे. त्यातलं अर्धं तुला.

खडकांवर जाऊ नकोस. माझी शपथ. मनात येईल ते वेणूबाईला सांग, ती आरडाओरडा करेल, करू दे. आणि माउलीला घरी घे, मन हलकं व्हावं म्हणून नव्हे, त्या निमित्ताने दार तरी उघडशील म्हणून.

रोजू

*

कोर्लई,
२९ ऑक्टोबर २०२३

रोजू,

तुझं ऐकून माउलीला घरी घेतलं. पुढचं बसून वाच.

तू नेहमी तिच्यापुढे मेणबत्ती धरून चालायचीस, विसरली नसशील. प्रत्येक घरी एक रात्र, दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्यांनी तिला उचलून पुढच्या घरी पोचवायची. आपल्याकडे मंगळवारी आली. तीच हातभर लाकडी मूर्ती, निळा झगा, एक बोट तुटलेलं. आदल्या दिवशी मी घर झाडलं, सारवलं, डोक्यावरून पाणी घेतलं, लदीनीनंतर, माउलीची प्रार्थना म्हणून झाल्यावर, वाटायला चणे भिजत घातले. अंगणभर माणसं आली. वेणूबाईही सुनेला घेऊन आली, तिने माउलीची ओटी भरली, फादरनी चालवून घेतलं. कायतान कुरकुरलाच, चण्यात मीठ कमी आहे म्हणून. सगळे हसले. मीही हसले असेन. मग सगळे घरी गेले आणि आम्ही दोघी उरलो.

आणि मी झोपले, रोजू. माय गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

बुधवारी तिला कायतानकडे न्यायची होती. जासिंताची रात्र होती ती. तिचं पोट पाण्याने फुगलंय, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, म्हणजे काय ते तुला कळेल. ती सकाळपासून खाटेवर उशा लावून बसली होती, नवी साडी नेसून. मला खिडकीतून दिसत होती. संध्याकाळी लोक मेणबत्त्या घेऊन माझ्या दाराशी आले, गाणं सुरू झालं.

मी कडी काढली नाही.

आधी ते हाका मारत राहिले. मग गाणं थांबलं. मग कायतानने दारावर मुठी मारल्या. मी आतून म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. आता पाच दिवस झाले. गाव खोळंबलंय, पुढची सगळी घरं वाट बघतायत. फादर येऊन बाहेरूनच म्हणाले, इनासिना, मी जबरदस्ती करणार नाही, पण जासिंताकडे वेळ थोडा आहे. मला ते कळतं. मी वेडी नाही. माउली गेली की हे घर परत तसंच होणार, हेही कळतं.

तुला सगळं सांगायचं म्हटलं तर हेही सांगते. मी तिला मायच्या खाटेवर निजवलंय. दर दोन तासांनी उठते आणि तिला कुशीवर वळवते.

बाय

*

६ नोव्हेंबर २०२३

बाय,

तुझं पत्र वाचून तशीच उठले. मदरना सांगितलं, त्यांनी आजच लिहायची परवानगी दिली.

ती लाकडाची आहे, बाय. तिच्या पाठीला जखमा होणार नाहीत. पाठ मोडून घेतेयस तू आपली. तिला उचल, आत्ताच्या आत्ता, आणि जासिंताकडे ने. कुणाची वाट बघू नकोस, मेणबत्त्या नकोत, गाणं नको. मरणाऱ्या बाईची रात्र अडवून ठेवणं हे पाप आहे. तुला असं लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिलंच पाहिजे. आणि तिला पोचवलीस की तिथून निघू नकोस. जासिंताच्या खाटेशी बस.

डॉक्टरांकडे गेलीस का, त्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. मी विसरले नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून आमचा आगमनकाळ, नाताळची वाट बघायचे दिवस. त्यात आम्ही पत्र लिहीत नाही, आलेली पत्रं मदरच्या कपाटात राहतात, ती नाताळाच्या दिवशी वाटली जातात. त्याआधी मला एक ओळ लिही. माउली दिली, एवढी एकच ओळ.

रोजू

*

कोर्लई,
८ डिसेंबर २०२३

रोजू,

माउली दिली.

तुझं पत्र पोचायच्या आधीच दिली. सर्व संतांच्या दिवशी, एक तारखेला, सकाळी इगरेजीची घंटा वाजली, मयताची. कुणासाठी ते विचारायला लागलं नाही. मी कडी काढली, माउलीला उचललं आणि अंगण ओलांडून गेले. कायतान दारात उभा होता. म्हणाला, “आता कशाला? ठेव तुझ्याकडेच.” बाहेरगावाहून आलेल्या त्याच्या सुनेने माझ्या हातातून घेतली आणि जासिंताच्या पायाशी ठेवली. जासिंता तीच नवी साडी नेसलेली होती.

मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकायला वाकले तर कायतान हळूच म्हणाला, “तू नको.” मी माती खाली ठेवली आणि घरी आले. तेव्हापासून वेणूबाईखेरीज कुणी माझ्या दाराकडे वळलेलं नाही. तीही कुडावरून हाक मारते, पण आता आत येत नाही. मीच येऊ देत नाही.

पाप आहे असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. मी एका मरणाऱ्या बाईच्या तोंडचा घास हिरावला. आणि कशासाठी? मला झोप लागावी म्हणून. आता तर तीही लागत नाही.

डॉक्टरांकडे गेले नाही. कुणासाठी बरं व्हायचं?

नोव्हेंबरात तुला मुद्दामच लिहिलं नाही. आज लिहितेय कारण तुमचा नियम मला पाठ आहे. हे पत्र मदरच्या कपाटात जाईल आणि तुला नाताळाला मिळेल. तोवर तू कुणाला काही कळवू शकणार नाहीस, आणि मला समजवायला कुणी येणार नाही. रागावू नकोस. मी फार दमलेय गं. शिलाई मशीन वेणूबाईच्या सुनेला द्यायचं, तिला तसं बोलले आहे. मायची काळी साडी आणि जपाची रोजरी फादरकडे ठेवली आहे, तुमच्या मठात चालत असेल तर मागवून घे. गावातली ब्लाऊजं सगळी शिवून परत केली. कुणाचं काही माझ्याकडे राहिलेलं नाही.

खडकावर तो बसलेला असतो असं तू म्हणालीस. असेल तर भेटेल.

लहानपणी तुला मारायचे त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू होतीसच तशी.

बाय

*

२५ डिसेंबर २०२३

बाय, बाय गं,

आहेस का तू?

सकाळच्या मिस्सानंतर मदरनी पत्रं वाटली. तुझं अक्षर बघून मी हसले. हसत हसत उघडलं. दोन आठवडे हे पत्र माझ्यापासून दोन खोल्या पलीकडे पडून होतं आणि मी रोज गात होते, तू ये, आम्ही वाट बघतो म्हणून गात होते.

मदरनी लगेच ऑफिसातून फोन लावले. तुझा बंद. फादरचा बराच वेळ लागेना, लागला तेव्हा ते चौलच्या बाजूला आजाऱ्यांना प्रसाद द्यायला गेले होते. त्यांनी एका माणसाला तुझ्या घरी पाठवलं. त्याचा निरोप आला, घराला कुलूप आहे, वेणूबाई नागावला लेकीकडे गेलीये. फादर म्हणाले, मी स्वतः जातो आणि कळवतो. त्याला दुपार झाली. फोन वाजलेला नाही. मला बसवत नाही म्हणून लिहितेय. हे पत्र कुणाला लिहितेय तेही मला माहीत नाही.

‘पाप’ हा शब्द मी लिहिला. परत घेता येत नाही, नाहीतर कागद खाल्ला असता. भूक लागलेला माणूस भाकरी घट्ट धरतो त्याला चोरी म्हणत नाहीत, हे मला तेव्हा लिहिता आलं नाही. मी घाबरले होते. तू तिला खाटेवर वळवतेस हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला ते थांबवायचं होतं, बस्स.

आज चॅपेलमध्ये गव्हाणीपुढे गेले आणि पहिल्यांदाच प्रार्थनेचे शब्द बाजूला ठेवले. म्हटलं, तू आलास म्हणतात. मग तिच्या घरी जा. मला जाता येत नाही. जाळीच्या आत मी स्वतःला तुझ्यासाठी कोंडून घेतलंय, तर आता माझे पाय तू हो. मला तू कधीच जाणवला नाहीस तरी चालेल, पण तिच्या दाराशी जा. दिलासा वगैरे काही वाटला नाही. रडत राहिले. एका सिस्टरने माझा हात धरला आणि तीही रडली.

फोन वाजला की पाकीट बंद करेन. नाही वाजला तरी टपालात टाकेन. तू वाचशील असं धरून चालले आहे.

तुझी, तुझीच,
रोजू

*

कोर्लई,
३० डिसेंबर २०२३

रोजू,

आहे. जिवंत आहे. वरतीच लिहिलं, नाहीतर तू खालपर्यंत येता येता मरशील. फादरनी फोन केला ते कळलं, तरी माझ्या हातचं अक्षर तुला हवं असेल.

घराला कुलूप होतं, कारण मी अलिबागला सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी अठरा दिवस ठेवून घेतलं. तुझ्यापेक्षाही लहान आहेत, बोलतात मात्र आजीसारख्या. गोळ्या चालू आहेत, महिन्याने परत बोलावलंय. नेलं कुणी, सांगू? कायतानने. एसटीत माझ्या शेजारी बसून आला, आणि वॉर्डात पोचल्यावर मावशींशी चादरीवरून भांडला. रोज सकाळच्या गाडीने यायचा. दाराशी स्टुलावर बसायचा, चहा कडू आहे म्हणायचा आणि संध्याकाळी जायचा. गावात कुणाला सांगू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं, नाताळाला फादरनी विचारलं तेव्हा कुठे त्याने सांगितलं.

आता मुळापासून सांगते. ते पत्र मी टपालात टाकलं आणि घरी आले. काय करायचं ते ठरलेलं होतं. दाराशी आले तर पायरीवर कायतान बसलेला, मांडीवर माउली. मला वाटलं, शेवटचं तेवढं बोलून घ्यायला आला असेल. म्हटलं, बोल, आजच काय ते बोलून घे.

तो म्हणाला, “जासिंताची रात्र राहिलीये. फादरना विचारून आणलीये. तुझ्या घरी काढायची आहे.”

मी म्हटलं, “माझ्या घरी का? तुझ्या घरी ने.”

तो ऐकेना. दार उघड, पाय दुखतात माझे, म्हणून ओरडला. मी उघडलं. त्याने माउलीला मेजावर ठेवलं, स्वतः जमिनीवर बसला आणि म्हणाला, “मी तुला माफ केलेलं नाही. उगीच समजू नकोस. पण एक गोष्ट मी दीड महिना पोटात ठेवली आणि ती मला जेवू देत नाही.”

मी पाणी दिलं, ते प्याला नाही.

म्हणाला, त्या बुधवारी तू कडी काढली नाहीस, तेव्हा मी घरी जाऊन कोयता घेतला होता, दार फोडायला. जासिंताने हाताला धरलं. अंगात ताकद नव्हती तिच्या, पण धरलं. म्हणाली, “राहू दे रे. मी तर माउलीकडेच चाललेय. माझी रात्र इनाला दे.” तुला जाऊन सांग म्हणाली, आपलं नाव घेऊन सांग, जासिंताने दिलीये म्हणून. रोज विचारायची, सांगितलंस का? मी रोज हो म्हणायचो. सांगितलं नाही. का सांगू? तू मस्त झोपायचीस आणि ती नुसत्या भिंतीकडे बघत पडलेली. मला वाटलं, जळू दे हिला. मेली तेव्हाही तिला वाटत होतं की तुला कळलंय.

असं म्हणून कायतान रडायला लागला, रोजू. तो भांडकुदळ म्हातारा, तोंडात पंचा कोंबून. आणि मीही. माय गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आम्ही एकमेकांच्या समोर बसून कुत्र्यांसारखे रडलो. वेणूबाई कुडापलीकडून धावत आली, तिला वाटलं कुणी मेलं. मग मी त्या दोघांना सांगितलं मी काय करायला निघाले होते ते. वेणूबाईने मला कानफटात मारली आणि नंतर मिठी मारली. त्या रात्री ती माझ्या घरीच झोपली आणि सकाळी कायतान एसटीच्या वेळेवर दारात उभा होता.

देवाचा आवाज मला अजून आलेला नाही. तुला खोटं सांगणार नाही, तूही आता मला सांगू नकोस. पण मी दाराला कडी घालून बसले होते तेव्हा पलीकडच्या घरात एक मरायला टेकलेली बाई आपली शेवटची रात्र माझ्या नावावर करत होती, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी चोरलेलं धरून बसले नव्हते. मला दिलेलं होतं. हे करायला जासिंताला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तेवढ्यावर मी सध्या उभी आहे. फार घट्ट नाही, पण उभी आहे.

गोळ्यांनी तोंड सुकतं. सकाळी अजून उठवत नाही. कायतानने कालच विचारलं, रिकाम्या घरात पहिली पावसाळी रात्र कशी काढतात? त्याला ती अजून यायची आहे, माझ्या झाल्यात. मी म्हटलं, माहीत नाही, पण ये, दार उघडं असेल. फादरनी त्याला जासिंताच्या कबरीवर लावायला क्रूस दिलाय. आज संध्याकाळी तो लावायचा आहे. कायतान म्हणाला, माती तू टाक.

चार वाजलेत. जाते.

बाय